बाबांना बसवून नेलेली गाडी

आमच्या सोसायटीत कुणाला जुनी वस्तू विकायची असली की लोक माझं दार वाजवायचे. मी काही दलाल नव्हतो. अंधेरीला एका छपाईच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करायचो. पण भाईंदर पश्चिमेच्या आमच्या त्या चार मजली बिल्डिंगमध्ये घरी इंटरनेट घेणारा मी पहिला, आणि पहिलं असण्याचा जो काही माज असतो तो माझ्यात पुरेपूर होता. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. फुकट जाहिराती टाकायच्या वेबसाइट आपल्याकडे नुकत्याच रुळत होत्या. फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या, मोबाइल नंबर टाकायचा, की संध्याकाळपर्यंत फोन सुरू. कुणाचं कपाट, कुणाचा पाळणा, कुणाची एकदाच वापरलेली व्यायामाची सायकल, असं बरंच काही मी विकून दिलं. कमिशन घेत नसे. चहा आणि कौतुक घेत असे, कौतुक जरा जास्तच.

आणि कौतुक व्हायलाही हवंच होतं, कारण माझ्यामार्फत विकणारा एकही जण फसला नव्हता. गंडवणारे तेव्हाही होतेच की. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मिक्सर मी जाहिरातीत टाकला, तर थेट लंडनहून एका सद्गृहस्थाची मेल आली. त्याला तो मिक्सर हवाच होता, न बघता, आणि चौपट किमतीला. मी चेक पाठवतो, तुमचे पैसे ठेवून घ्या, उरलेले माझ्या सामान नेणाऱ्या एजंटला रोख द्या, असं त्याचं म्हणणं. काका हरखून गेले. मी म्हटलं, "काका, लंडनात चटणी वाटायची सोय नाही असं वाटतंय का तुम्हाला? चेक आठ दिवसांनी न वटता परत येईल, आणि तोवर तुमचे खरे पैसे एजंटच्या खिशात गेलेले असतील." काकांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. पुढे त्यांच्या मेव्हण्याला कुणीतरी नेमकी तशीच टोपी घातली, तेव्हा काका पेढे घेऊन आले. दुसऱ्याच्या नुकसानीचे पेढे मी तेव्हा पहिल्यांदा खाल्ले. चांगले होते.

माझे नियम ठरलेले होते. वस्तू दाखवायची ती रविवारी सकाळी, खाली माणसांची ये-जा असताना. बायकोला दाखवून आणतो म्हणणाऱ्याला, बायकोलाच घेऊन या, म्हणायचं. गाडी असेल तर कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. त्या काळात सगळे सर्रास हेच करायचे. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, ट्रान्सफरच्या फॉर्मवर नुसती सही करून गाडी देऊन मोकळे. मग ती गाडी चार हात फिरून कुठंतरी कुणाला धडकली की पोलीस मूळ मालकाच्या दारात. मी हे सगळं ओळखून होतो. ट्रायलला जाणाऱ्यानं आपलं लायसन आणि मोबाइल आमच्याकडे ठेवून जायचं, दोन्ही चाव्या कधी द्यायच्या नाहीत, आणि टाकीत पेट्रोल कपभरच ठेवायचं. हा शेवटचा नियम माझा स्वतःचा, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

तळमजल्यावरच्या काकूंनी मला हाक मारली ती एप्रिलच्या शेवटी. काकू एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांचं घर चालायचं. पन्नाशी उलटल्यावर त्या बिनगिअरची स्कूटर शिकल्या, आणि साडीचा पदर खोचून थेट मोरवा गावापर्यंत घरोघरी शिकवायला जायच्या. आमच्या आईला त्यांचं भारी अप्रूप होतं. मग त्यांचे कान गेले. आधी उजवा, मग थोडा थोडा डावा. हे सगळ्यांत आधी मुलांच्या लक्षात आलं. सतराचा पाढा म्हणताना पोरं मधली तीन-चार घरं बिनधास्त गाळायला लागली. ते आयांना कळलं, आणि शिकवण्या सुटायला लागल्या.

"परवा मागून डंपर येत होता," काकू मला म्हणाल्या. ऐकू येत नसल्यामुळं त्या सगळंच वर्गावर बोलल्यासारखं मोठ्यानं बोलायच्या. "तो हॉर्न मारमारून थकला, मला पत्ताच नाही. शेवटी सिग्नलला खाली उतरला आणि मला हात जोडून गेला बिचारा. आता बास. गाडी विकायची आणि कान घ्यायचा."

कानाचं मशीन त्यांनी बघून ठेवलं होतं. गाडीचे जे येतील त्यात ते जेमतेम बसणार होतं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ते कानात हवं होतं, नाहीतर राहिलेल्या शिकवण्याही जाणार आणि काकूंना घर बंद करून पुण्याला भावाकडे राहायला जावं लागणार. ते त्यांना अजिबात नको होतं. "तिकडे मला सगळे जपतील," त्या म्हणाल्या. जपतील हा शब्द त्यांनी शिक्षा सांगितल्यासारखा उच्चारला.

"काकू, माझ्यावर सोडा," मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडलो. माझ्या दृष्टीनं काम झाल्यातच जमा होतं.

जाहिरात टाकली. पहिल्या दोघांना मी फोनवरच वाटेला लावलं. तिसरा मात्र पसंत पडला. स्वच्छ मराठी बोलत होता. "दादा, आम्ही वसईचे. आईला बाजारात जायला गाडी बघतोय. रविवारी बाबांना घेऊन येतो, त्यांच्या पसंतीशिवाय आमच्याकडे काही होत नाही." मला बरं वाटलं. आमच्याकडेही तेव्हा तसंच होतं.

रविवारी दहाच्या सुमाराला दोघं आले. मुलगा तिशीतला, शर्ट खोचलेला, हातात स्वतःचं हेल्मेट. स्वतःचं हेल्मेट घेऊन आलाय हे मला फारच आवडलं. बाबा सत्तरीच्या जवळपासचे, पांढरी टोपी, घडीच्या रेघा दिसणारा पांढरा सदरा आणि काखेत एक रेक्झिनची पिशवी. पिशवीच्या तोंडातून चादरीचं टोक बाहेर आलं होतं. गाडी बघायला येताना माणूस चादर कशाला आणेल, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं. गावाहून परस्पर आले असतील.

काकूंनी त्यांना घरात बोलावलं. मुलानं वाकून नमस्कार केला. काकूंनी पोहे टाकले. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पिशवी मांडीवर घेऊन. मी कागद दाखवले, इन्शुरन्स दाखवला, टायर कधी बदलले ते सांगितलं. मुलगा एकेक गोष्ट नीट विचारत होता. मीही रंगात आलो होतो. बाबा काहीच बोलत नव्हते, पण आमच्याकडचे बाप कुठं बोलतात?

"एक राउंड मारून बघू का?" मुलानं विचारलं.

"बघा की," मी म्हटलं, आणि लायसन मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा बसतायत तोवर. त्यांचे गुडघे दुखतात. बाबा, आलोच हां मी."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. माझं तोंड मिटलं.

आता मी कितीही वेळा तो क्षण आठवला तरी मला माझा रागच येतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या कुणीही तेच केलं असतं. ज्याचा बाप आपल्या घरात चपला काढून बसलाय, ज्याच्या बापासाठी आत फोडणी पडलीय, त्याच्याकडे त्याच बापासमोर लायसन मागायचं? म्हणजे म्हाताऱ्याला तोंडावर सांगायचं, की तुमच्या मुलावर आमचा विश्वास नाही. लंडनच्या चेकला मी फसलो नसतो, बनावट ड्राफ्टला फसलो नसतो. पण घरात बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा मान ठेवायचा नाही, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या मुलाला आम्ही पक्के माहीत होतो.

गाडी गेटबाहेर पडली. आमच्या गेटला वॉचमन नव्हता. ठेवावा की नाही यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं नुसतीच चर्चा चालू होती. काकूंनी पोह्यांची बशी बाबांच्या हातात दिली. मी गप्पा मारायला म्हणून विचारलं, "कुठलं गाव तुमचं?"

"पोलादपूर."

"मग वसईला मुलाकडे असता?"

ते दाराकडे बघायला लागले. बुजलेत, असं मला वाटलं. मी पोलादपूरच्या घाटाबद्दल बोललो, तिथल्या हॉटेलातल्या वड्यांबद्दल बोललो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मी मुलाला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. आवाज साधा ठेवून मी म्हटलं, "मुलगा कुठं अडकला हो तुमचा?"

बाबांनी बशी खाली ठेवली. पोह्यांना त्यांनी हात लावला नव्हता.

"माझा मुलगा नाय तो," ते म्हणाले. "मला दोन मुली हायत. सासरी हायत."

"मग तो कोण?" मी विचारलं.

"सकाळी ठेसनावर भेटला. मी काम बघतोय तर बोलला, एका बाईंच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनची जागा हाय. पण ओळखीबिगर घेत नाय. मी तुमाला बाबा बोलतो, तुमी काय बोलू नका, मी बोलतो बाईंशी. म्हणून मी काय बोललो नाय." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "चुकलं का माझं?"

काकूंना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं, पण माझा चेहरा त्यांनी बघितला होता. "गेली ना?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्या सोफ्यावर बसल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. गुडघ्यावरची साडी तेवढी दोन्ही हातांनी सारखी करत राहिल्या. ते बघून मला स्वतःच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटल्या.

दोन मिनिटांत अर्धी बिल्डिंग खाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आत येऊन म्हाताऱ्यांचा दंड धरला. "हा पण सामील आहे. याला आधी पोलीस स्टेशनला न्या."

"मी कुठं जात नाय," म्हातारे म्हणाले. आवाज चढवला नाही, पण उठलेही नाहीत. "मला बसवून गाडी नेली ना? मग गाडी येईपर्यंत मी बसलोच हाय."

काकू उठल्या आणि सेक्रेटरींसमोर उभ्या राहिल्या. "ते माझ्या घरी आलेत. हात काढा आधी." त्या नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलल्या, पण सेक्रेटरींनी हात काढला.

तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. कपभर पेट्रोल! शनिवारी संध्याकाळी मी स्वतः नळी लावून टाकी बाटलीत रिकामी केली होती. ती बाटली आमच्या बाल्कनीत होती. मी धावत वर गेलो, बाटली घेतली, दुसरी चावी घेतली आणि खाली आलो. गेटसमोर रविवारी उत्तनची एक मावशी मासे घेऊन बसायची. तिला विचारलं.

"त्यो हेल्मेटवाला? उत्तनच्या रोडला गेला," ती म्हणाली.

मी रिक्षा पकडली. उत्तनच्या रोडला म्हटल्यावर रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. "चोर उधर गया? साब, आगे तो खाली समुंदर है. पागल है क्या?"

"नया है," मी म्हटलं. रिक्षात बसल्या बसल्या माझा रुबाब परत येत होता. मी त्याला हिशेब समजावून सांगितला. गाडी किती पळते, कपभरात किती जाईल, त्यातलं नळीनं काढताना किती सांडलं असेल. तो म्हणाला, "साब, तुम पहले से जानता था चोरी होगी?" मी म्हटलं, "तयारी रखनी पडती है." हे वाक्य मी त्या दिवशी पुढं निदान वीस वेळा वापरलं.

मोरव्याचा फाटा ओलांडला आणि पुढच्या वळणाला गाडी दिसली. स्टँडवर, नीट, सावलीत. चावी गायब, बाकी ओरखडाही नाही. रिक्षावाला मनापासून हसला. "बहुत शरीफ चोर है, स्टँड पे लगाके गया." समोरच्या घराच्या पायरीवर एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "किक मारून मारून दमला तो. मी बोल्लो, पेट्रोल हाय का न्हाय ते बघ. त्यानं टाकी उघडून बघितली नि चालतच सुटला. मी बोल्लो, अरे थांब, देतो कुठनं तरी! पण न्हाय थांबला." त्यांना अजून वाईट वाटत होतं, मदत करायची राहिली म्हणून.

बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि मी काकूंची गाडी काकूंच्या गेटमधून आत आणली.

गाडीचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण त्याची काळजी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन आठवड्यांनी उत्तनजवळच्या पालीच्या एका नर्सबाईंनी ती घेतली. त्यांचं लायसन मी मागितलं, ओळखपत्र मागितलं, त्यांच्या सासूबाई सोबत होत्या तरी मागितलं. सासूबाईंना राग आला. येऊ दे, म्हटलं. फॉर्मवर सगळी नावं भरल्याशिवाय काकूंनी सही केली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात काकूंच्या कानात मशीन बसलं, आणि सतराचा पाढा परत सगळ्या घरांसकट सुरू झाला. पुण्याला त्या नंतर गेल्या, पण पाहुण्या म्हणून. आमच्या बिल्डिंगला वॉचमन दिवाळीनंतर आला, एजन्सीकडून, निळ्या गणवेशातला. आणि मी पुढं कितीतरी वर्षं लोकांच्या वस्तू विकत राहिलो. कुणी फसलं नाही.

पण त्या रविवारी मी गाडी घेऊन आलो तेव्हा जे झालं, ते मी कुणाला सांगत नाही. कपभर पेट्रोलची गोष्ट सगळ्यांना सांगतो, ती लोकांना आवडते. तिथंच थांबतो.

गेटमधून आत शिरताच टाळ्या पडल्या. वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. काकू बाहेर आल्या, त्यांनी गाडीच्या सीटवर हात ठेवला आणि माझ्या गालावर एक हलकी चापट मारली. मी गाडीवरून न उतरताच सगळी हकिगत सांगायला घेतली. नळी, बाटली, कप, मोरव्याचा फाटा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लंडनची मेल सगळ्यांना परत सांगितली. सेक्रेटरी म्हणाले, "ते ठीक आहे, पण आज नशिबानं वाचलो. आता मात्र वॉचमन ठेवलाच पाहिजे. उद्याच्या उद्या." सगळे हो हो म्हणाले. ठेवायलाच हवा, कधीपासून म्हणतोय.

म्हातारे काकूंच्या दारात येऊन उभे होते. गाडी आली तसे ते उठले असणार. टोपी नीट केलेली, पिशवी काखेत. माझं बोलणं संपायची त्यांनी वाट बघितली. मग पुढं होऊन ते मला म्हणाले, "साहेब, गाडी मिळाली, बरं झालं." आणि सेक्रेटरींकडे एकदा बघून, "मग त्या जागेचं... मला ठेवाल का? मी रातपाळी पण करतो."

मी खिशात हात घातला, परतीच्या भाड्याचे पैसे द्यावेत म्हणून. त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्यांना तेवढं एकच विचारायचं होतं.

"काय म्हणतायत ते?" काकूंनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी माझा दंड धरून डावा कान माझ्या तोंडाजवळ आणला. "नीट सांग. काय म्हणतायत?"

मग मला ओरडून सांगावं लागलं. "ते विचारतायत, वॉचमनची जागा आहे ना, मग त्यांना ठेवाल का!"

चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. वरचे लोक गॅलरीतून आत वळायला लागले. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. म्हातारे सगळ्यांच्या तोंडांकडे बघत उभे होते, आणि काकूही बघत होत्या, कुणाचे ओठ हलतायत का ते.

"मग?" काकूंनी मला विचारलं. "काय म्हणाले सगळे? मला काही ऐकू आलं नाही."

"कुणीच काही म्हणालं नाही, काकू," मी त्यांच्या कानात ओरडलो.